'दाताचा डॉक्टर नाही' हे उत्तर आम्हाला मान्य नाही

दाढ ठणकते म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलेल्या माणसाला एक वाक्य हमखास ऐकायला मिळते. "इथे दाताचा डॉक्टर नाही, तालुक्याला जा." सोबत एक चिठ्ठी मिळते. त्यावर पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या आणि एक वेदनाशामक. तोंड उघडायला कुणी सांगत नाही. टॉर्च टेबलावर तशीच पडून राहते. तालुक्याला गेल्यावर कळते की दंतवैद्य आठवड्यातून दोनच दिवस येतात, किंवा खुर्ची बंद आहे, किंवा पदच रिकामे आहे. माणूस गालाला रुमाल बांधून घरी परततो आणि दुसऱ्या दिवशी कामावर जातो.

आमचे म्हणणे सरळ आहे. दंतवैद्य उपलब्ध नसेल तिथे हजर असलेल्या डॉक्टरांनी दातांच्या तातडीच्या रुग्णाला पहिला उपचार दिलाच पाहिजे. तो त्यांच्या आवाक्यातला आहे आणि त्यांच्या कर्तव्यातलाही आहे. त्याच वेळी, हा पहिला उपचार मिळतो म्हणून दंतवैद्याचे पद रिकामे ठेवण्याची मुभा सरकारला मिळत नाही. या दोन्ही मागण्या आपल्याला एकत्र कराव्या लागतील. एक सोडून दुसरी केली तर फसगत आपलीच आहे.

दातदुखी किरकोळ असते?

दात दुखणे हा आपल्याकडे दुखण्यांच्या यादीतला शेवटचा नंबर. लवंग दाबून धरा, मिठाच्या पाण्याने चूळ भरा, नाहीतर मिश्री लावा. आपल्या किती आयाबायांना मिश्रीची सवय दाढदुखीपासून लागली, हे घरोघरी विचारून पाहा. तंबाखूने हिरडी बधिर होते, दुखणे थोडे विसरते, आणि व्यसन जन्माचे मागे लागते. कुणी वेदनाशामकाची गोळी चुरून थेट हिरडीवर ठेवतो, त्याने हिरडी भाजते. कुणी बाहेरून गरम शेक देतो, त्याने सूज वाढायला मदत होते.

किडलेल्या दाढेच्या मुळाशी पू साचला तर तो तिथेच थांबेल याची खात्री नसते. खालच्या दाढांचा पू जबड्याखाली आणि जिभेखाली उतरू शकतो. तोंडाचा तळ सुजतो, जीभ वर उचलली जाते, गिळता येत नाही, लाळ गळू लागते, आवाज घोगरा होतो आणि शेवटी श्वासाची वाट बंद होते. या अवस्थेला लुडविग्ज अँजायना म्हणतात. जर्मन डॉक्टर विल्हेल्म फ्रेडरिक फॉन लुडविग यांनी १८३६ साली तिचे वर्णन केले. म्हणजे दाढेच्या पुवाने माणूस गुदमरून मरू शकतो, हे वैद्यकशास्त्राला जवळजवळ दोनशे वर्षांपासून ठाऊक आहे. मधुमेह असलेल्यांना, कुपोषितांना, प्रतिकारशक्ती कमी झालेल्यांना हा धोका जास्त. विदर्भात आदिवासींमध्ये आणि आपल्या समाजातही सिकलसेल आढळतो. सिकलसेलच्या रुग्णाला कोणताही जंतुसंसर्ग झटक्याचे निमित्त ठरू शकतो, मग तो दाढेतला का असेना.

मग हे दुखणे किरकोळ कुणासाठी? ज्याच्या घराजवळ दवाखाना आहे आणि खिशात रूट कॅनालचे पैसे आहेत, त्याच्यासाठी.

एका कोयत्याचा हिशेब

गेल्या एका गळीत हंगामात आम्ही ऊसतोड कामगारांच्या तळावर काम करत होतो. मराठवाड्यातून आलेल्या एका टोळीतल्या तिशीच्या बाईंचा जबडा चार दिवसांपासून सुजला होता. चार दिवस त्या तशाच मोळ्या बांधत होत्या. कारण सोपे आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यांनी मुकादमाकडून उचल घेतलेली. कामावर गेले नाही की खाडा पडतो आणि तो उचलीच्या हिशेबात धरला जातो. पाचव्या दिवशी त्या आरोग्य केंद्रात गेल्या. गोळ्या मिळाल्या. ग्रामीण रुग्णालयात गेल्या, दंतवैद्य रजेवर. संध्याकाळी पाण्याचा घोटही उतरेना, लाळ गळू लागली, तेव्हा १०८ ची गाडी बोलावून जिल्ह्याच्या ठिकाणी नेले. रात्री जबड्याखाली चीर देऊन पू काढला. त्या वाचल्या. नऊ दिवस भरती होत्या. त्या नऊ दिवसांत नवराही उशाशी बसून, म्हणजे पूर्ण कोयता बंद. सरकारी दवाखान्यात उपचार मोफत होते, तरी त्या घरावर कर्ज वाढलेच.

दिवसभरात दोन दवाखान्यांत, दोन टेबलांसमोर त्या बसल्या होत्या. दोन्ही ठिकाणी डॉक्टर हजर होते. कुठेही त्यांच्या तोंडात कुणी पाहिले नाही. समाजशास्त्राच्या भाषेत याला रचनात्मक वंचना म्हणतात. तळावर याला नशीब म्हणतात. आपण दोन्ही शब्द बाजूला ठेवू आणि नेमके काय व्हायला हवे होते ते पाहू.

डॉक्टरांना काय करता येते?

दंतवैद्याची खुर्ची, ड्रिल, एक्स-रे यांतले काहीही नसताना साध्या डॉक्टरांना बरेच करता येते. हातमोजे, टॉर्च, जीभ दाबायची पट्टी, बधिर करायचे लिग्नोकेन, ब्लेड, गॉज, टाक्याचा धागा आणि सलाईन हे सामान आरोग्य केंद्रात नवे नाही. बाळंतपणात टाके घालणाऱ्या आणि गळू फोडणाऱ्या हाताला हे काम परके नाही.

पहिले काम तोंडात पाहण्याचे. कोणता दात, सूज कुठवर, तोंड किती उघडते, जिभेखालचा भाग मऊ आहे की कडक, ताप आहे का. सूज नाही आणि नुसता ठणका आहे, तर प्रकृती पाहून योग्य वेदनाशामक द्यायचे. आम्लपित्ताचा व्रण, मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण याची चौकशी करूनच. अशा नुसत्या ठणक्याला अँटिबायोटिकचा उपयोग नसतो, तरी सर्रास दिली जाते. गरज नसताना दिलेली ही औषधे पुढे खऱ्या गरजेच्या वेळी लागू पडेनाशी होतात.

हिरडीवर पुवाची गाठ आली असेल तर जागा बधिर करून छोटी चीर द्यायची आणि पू वाहू द्यायचा. साचलेला पू बाहेर काढल्याशिवाय नुसत्या गोळ्यांनी हे दुखणे मिटत नाही. त्यानंतर दंतवैद्याकडे पाठवायचे, कारण मूळ दात तसाच आहे.

धोक्याच्या खुणा वेगळ्या ओळखायच्या. तोंड दोन बोटेही उघडत नाही, गिळता येत नाही, लाळ गळते, आवाज बदलला, सूज मानेकडे किंवा डोळ्याकडे सरकते, श्वास लागतो. अशा रुग्णाला तासाभराचाही उशीर परवडत नाही. त्याला शिरेतून अँटिबायोटिक सुरू करायचे, आडवे न झोपवता बसते ठेवायचे, पुढच्या रुग्णालयाला फोन करून कळवायचे आणि १०८ मधून पाठवायचे. मात्र विदर्भात आणि इतरत्रही खर्रा, गुटखा, सुपारी खाऊन अनेकांचे तोंड आधीच कमी उघडते. त्यामुळे तोंड आजपासून उघडेना की वर्षभरापासून, हा प्रश्न विचारावाच लागतो.

दात काढल्यानंतर रक्त थांबत नसेल तर घडी केलेला गॉज त्या जागेवर ठेवून वीस ते तीस मिनिटे घट्ट चावून धरायला लावायचा. दर मिनिटाला काढून पाहायचे नाही. तरी थांबले नाही तर टाका घालायचा, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, घरात कुणाला रक्त न थांबण्याचा आजार आहे का, हे विचारायचे.

शाळेत पडून मुलाचा पक्का दात मुळासकट निघाला तर वेळ फार थोडा असतो. दात मुळाकडून धरायचा नाही, दिसणाऱ्या पांढऱ्या भागाकडून धरायचा. घासायचा नाही, फक्त हलकेच धुवायचा आणि शक्यतो अर्ध्या तासाच्या आत त्याच खाचेत परत बसवायचा. बसवता येत नसेल तर दुधात ठेवून दंतवैद्याकडे न्यायचे. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत. एवढी माहिती प्रत्येक शिक्षकाला असली तर कितीतरी मुलांचे दात वाचतील. जबडा निखळून तोंड उघडेच राहिले तर तोही डॉक्टरांना जागेवर बसवता येतो.

आणखी एक गोष्ट दंतवैद्यापेक्षा साधे डॉक्टरच लवकर ओळखतील. घाम फुटून, चालताना वाढणारी जबड्याची कळ कधीकधी दाताची नसते, हृदयाची असते. अशा वेळी ईसीजी काढायचा. तोंडात न पाहता "दाताचे आहे, तालुक्याला जा" म्हणणारा डॉक्टर हार्ट अटॅकच्या रुग्णाला बसस्टँडवर पाठवत असू शकतो.

'हे आमचे काम नाही'

यावर पहिला आक्षेप डॉक्टरांकडून येतो. दातांवर उपचार करण्याचा अधिकार दंतवैद्याचा, आम्ही हात लावला आणि काही झाले तर जबाबदार कोण?

ही भीती खोटी नाही, पण तिला कायद्याचा आधार कच्चा आहे. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने नोंदणी नसलेल्यांना दंतवैद्यकाचा व्यवसाय करायला बंदी घातली. त्याच कायद्याच्या कलम ४९ मध्ये नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाला या बंदीतून वगळले. तातडीची वेळ आहे आणि दंतवैद्य उपलब्ध नाही, अशा परिस्थितीचा उल्लेखही त्याच कलमात आहे. त्या कायद्याच्या जागी यावा म्हणून संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोग कायदा संमत केला. पण मुद्दा हा की देश स्वतंत्र झाल्यावर पुढच्याच वर्षी कायदा करणाऱ्यांना जे कळले होते, ते आज टेबलामागून नाकारले जाते.

सर्वोच्च न्यायालयाने तर याहून पुढे जाऊन सांगितले आहे. १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात न्यायालयाने म्हटले की जीव वाचवण्यासाठी तातडीची मदत देणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, मग तो सरकारी असो की खासगी. १९९६ चा पश्चिम बंग खेत मजदूर समितीचा खटला तर आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ हवा. हकीम शेख नावाचा शेतमजूर १९९२ साली रेल्वेतून पडला, डोक्याला मार लागला. आरोग्य केंद्राने सोय नाही म्हणून पुढे पाठवले, पुढच्यांनी जागा नाही म्हणून आणखी पुढे पाठवले. शेवटी खासगी रुग्णालयात पैसे मोजून उपचार घ्यावे लागले. शेतमजुरांची संघटना न्यायालयात गेली. न्यायालयाने सांगितले की सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैसा नाही ही सबब राज्याला सांगता येणार नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्णाची प्रकृती स्थिर करण्याइतका पहिला उपचार मिळाला पाहिजे, हेही त्याच निकालात आहे. जबड्याखाली पू उतरलेली बाई आणि डोके फुटलेला मजूर, दोघांचा जीव सारखाच धोक्यात. निकाल दोघांनाही लागू पडतो.

डॉक्टरांच्या बाजूनेही बोलू

डॉक्टरांना शिव्या घालून हा प्रश्न सुटणार नाही. सपाटीवर ३०,००० आणि आदिवासी-डोंगरी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा निकष आहे. तिथले वैद्यकीय अधिकारी लसीकरण, बाळंतपण, साप चावल्याच्या केसेस, अहवाल, मीटिंगा यांत बुडालेले असतात. त्यांना हे शिकवले किती, हाही प्रश्न आहे. २०१९ पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात दंतवैद्यकाचा छोटासा भाग आहे. त्यात दातांची कीड, हिरड्यांचे रोग, तोंडाचा कर्करोग येतात. पण जबडा बधिर करण्याचे इंजेक्शन आणि हिरडीतला पू काढणे हा हाताचा सराव आहे, तो पुस्तकातून येत नाही. जिल्हा रुग्णालयातल्या दंत विभागात दोन-तीन दिवस बसवले तरी बराच फरक पडेल. केंद्र सरकारने २०१८ नंतर आरोग्यवर्धिनी केंद्रांसाठी जी बारा सेवांची यादी केली, तिच्यात मौखिक आरोग्यही आहे. यादीत नाव आहे, तर प्रशिक्षण मागायचा आपला हक्कही आहे.

व्यवसायांच्या भांडणातही रुग्ण भरडला जातो. २०२० मध्ये आयुर्वेदाच्या पदव्युत्तर डॉक्टरांना काही शस्त्रक्रियांची मुभा देणारी अधिसूचना निघाली, त्यात दातांचे उपचारही होते. डिसेंबरमध्ये देशभर डॉक्टरांनी निषेध केला. कोण करू शकतो यावर बरीच चर्चा झाली. जिथे कुणीच करत नाही तिथे काय, ही चर्चा मागेच राहिली.

गरिबाला अर्धाच डॉक्टर का?

दुसरा आक्षेप आपल्याच चळवळीतून येतो आणि तो अधिक वजनाचा आहे. शहरातल्या श्रीमंताला रूट कॅनाल आणि कॅप, आणि वस्तीतल्या माणसाला एमबीबीएस डॉक्टरची चीर? ही दुय्यम सेवा आपण आपल्याच तोंडाने का मागायची? उद्या सरकार म्हणेल, डॉक्टर सांभाळून घेतात, आता दंतवैद्य कशाला?

ही शंका योग्य आहे. म्हणूनच दोन मागण्या वेगळ्या होऊ द्यायच्या नाहीत. पहिला उपचार हा रात्री अकरा वाजताच्या, रविवारच्या, रजेच्या दिवसाच्या रुग्णासाठी आहे. दंतवैद्य रोज हजर असले तरी अशा वेळा येणारच. दात वाचवणे, दाढ नीट काढणे, कवळी बसवणे, तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्याची तपासणी करणे हे दंतवैद्याचेच काम आहे आणि राहील. आग लागल्यावर शेजाऱ्याने बादली आणली म्हणून अग्निशमन केंद्र बंद करत नाहीत.

शिवाय दंतवैद्य नाहीत असे कुठे आहे? देशात ३०० हून अधिक दंत महाविद्यालये आहेत, बहुतेक खासगी. दरवर्षी हजारो बीडीएस बाहेर पडतात. त्यांत आपली मुले-मुलीही आहेत. कर्ज काढून शिकलेली आणि शहरात दुसऱ्याच्या क्लिनिकवर तुटपुंज्या पगारात राबणारी. एका बाजूला काम नसलेला दंतवैद्य आणि दुसऱ्या बाजूला दंतवैद्य नसलेला तालुका. मधली दरी भरतीची आहे, आणि भरती करणे सरकारच्या हातात आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेसारख्या योजना मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या मोठ्या उपचारांसाठी आहेत. साधी दाढ वेळेवर भरून घ्यायला गरिबाकडे सरकारी खुर्चीशिवाय दुसरी जागा नाही.

तोंडात पाहण्याचा प्रश्न

आता जो मुद्दा आपल्यालाच मांडावा लागेल, त्याकडे येऊ. तोंडात का पाहिले जात नाही? वेळ नाही, सराव नाही, हातमोजे संपले. ही कारणे खरी असतात. पण आपला इतिहास माहीत असणाऱ्याला एवढ्यावर थांबता येत नाही.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये काठियावाडातल्या एका शिक्षकाचे पत्र दिले आहे. ते १९२९ च्या डिसेंबरात 'यंग इंडिया'त छापून आले होते. बाळंतीण बायको आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. फी घेऊन आला, तर थर्मामीटर मुसलमान माणसाच्या हातात दिला, त्याने नवऱ्याच्या हातात दिला, नवऱ्याने बायकोला लावला. डॉक्टरने स्पर्श न करता निदान केले. ती बाई वाचली नाही. उपचार करण्यासाठी आधी स्पर्श करावा लागतो, आणि जातीने नेमका स्पर्शच नाकारला होता.

आज चिठ्ठी लिहून देणारा प्रत्येक डॉक्टर जात पाहून लिहितो, असा आरोप आम्ही करत नाही. तसा पुरावा असेल तिथे तक्रार नावानिशी आणि कायद्याने करावी. आमचा मुद्दा हा की लाळ, थुंकी, उष्टे यांची किळस आपल्या समाजात नुसती स्वच्छतेची कधीच नव्हती. तिला जातीचे वळण आहे. म्हणून तोंडाच्या रोगांत "हात न लावता उपचार" ही सवय कुठेही दिसली तर ती साधी सवय समजून सोडून देता येत नाही. हातमोजा घालून तोंडात पाहणे ही वैद्यकीय पायरी आहे. रुग्णाच्या माणूसपणाला दिलेली मान्यताही त्यातच आहे.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

भाषणाने खुर्ची दुरुस्त होत नाही. आपल्या तालुक्यात पुढील कामे लगेच सुरू करता येतील.

एक, २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली विचारा. तालुक्यात दंतवैद्याची मंजूर पदे किती, भरलेली किती, दंत खुर्ची किती महिने बंद होती, कोणत्या वारी ओपीडी चालते. अर्ज दहा रुपयांचा आहे, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही लागत नाहीत.

दोन, पत्र योग्य टेबलावर द्या. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे येते, ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. एकाचे पत्र दुसऱ्याला दिले तर वर्ष फुकट जाते. मागण्या मोजक्या ठेवा. प्रत्येक वैद्यकीय अधिकाऱ्याला दंत विभागात प्रशिक्षण, केंद्रात वर सांगितलेल्या सामानाची पेटी, रिकामी पदे भरणे, आणि दंतवैद्याच्या हजेरीचे वार गावात जाहीर करणे.

तीन, ग्रामसभेत आणि रुग्ण कल्याण समितीत हा विषय लेखी मांडा. ठराव झाला की तो कागद पुढे कामी येतो.

चार, धोक्याच्या खुणा विहारात, समाजमंदिरात, शाळेत, ऊसतोड आणि वीटभट्टीच्या तळांवर मोठ्या अक्षरात लावा. तोंड उघडेना, गिळता येईना, लाळ गळते, सूज मानेवर उतरली: थांबू नका, १०८ लावा. आशाताईंना आणि शिक्षकांना सोबत घ्या.

पाच, आपल्यातल्या बीडीएस झालेल्या मुला-मुलींनी महिन्यातला एक दिवस जवळच्या केंद्रातल्या डॉक्टरांसोबत बसावे. शिबिरे भरवून फोटो काढण्यापेक्षा एका डॉक्टरला पू काढायला शिकवून आलात तर तो पुढची दहा वर्षे शेकडो लोकांच्या कामी येईल.

आणि दवाखान्यात आपल्या माणसासोबत जाल तेव्हा चिठ्ठी हातात घेण्याआधी नम्रपणे, पण ठामपणे एवढेच म्हणा: डॉक्टरसाहेब, आधी तोंडात बघा.

जय भीम!